गिट लॉग वाचता येईल असा कसा करायचा? मराठी मेसेज, तारखा, नावं सगळ्याचाच गुंता झालाय

उद्यमनगर_कोडर

नमस्कार मंडळी, आमचं ऑफिस कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आहे, पाच जण आहोत, फाउंड्रीवाल्यांचा स्टॉक आणि गुळाच्या अडत दुकानांचं बिलिंग असलं सॉफ्टवेअर करतो. कोड गिटवर (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे, पाच-सहा वर्षांची हिस्टरी साठलीय आणि आता तीच वाचता येईना झालीय म्हणून विचारतोय.

झालं असं की मागच्या आठवड्यात शाहूपुरीतल्या एका अडत्याचा फोन आला, बिलाची रक्कम आधी जवळच्या रुपयाला जायची, आता कायम खालच्याच रुपयाला जातीय, रोजची शंभरभर बिलं धरली तर महिन्याला फरक दिसतोय, हे नेमकं कधीपासून झालं ते सांगा. मी म्हटलं पाच मिनिटांत सांगतो. गिट लॉग (त्या नोंदींची यादी) मारला आणि दीड तास स्क्रोल करत बसलो, एकेका कमिटला (नोंदवलेल्या बदलाला) पाच-सहा ओळी, मधेमधे मर्जच मर्ज (एक ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी फांदी, दुसरीत मिसळल्याच्या नोंदी), एकाच माणसाची तीन-तीन नावं कारण ऑफिसचा पीसी, घरचा लॅपटॉप आणि सर्व्हर तिन्हीकडं वेगळी सेटिंग. तारखाही क्रमानं नाहीत, वर जुलै, खाली ऑगस्ट, परत जुलै. आणि आमच्यातले दोघं मेसेज मराठीत लिहितात (मला ते आवडतं, बंद करायला लावायचं नाही) तर माझ्या विंडोजवर मराठीच्या जागी कोनी कंसात ई० ए४ असली अक्षरं दिसतात.

वनलाइन (एका कमिटला एकच ओळ) लावून बघितलं, पण मग तारीखही जाते आणि नावही जातं. तुम्ही लोक नक्की काय सेटिंग करून ठेवलंय? आणि एकदा केलं की पाचही जणांकडं तसंच दिसायला पाहिजे, ते होतं का?

शिरोली_नाका

भावा, आधी एक सांगतो म्हणजे भीती जाईल, आपण जे काही करणार ते फक्त दाखवण्याचं आहे, कमिटला हात लागत नाही, हॅश (कमिटचा ओळख-नंबर) बदलत नाही, त्यामुळं बिनधास्त खेळ.

वनलाइन म्हणजे गिटनं आधीच करून ठेवलेला एक साचा आहे, तसला साचा स्वतः करता येतो. गिट लॉग --प्रेटी=फॉरमॅट: असं लिहायचं आणि पुढं एकेक खूण. (कमांड मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरं घे.) टक्का आणि छोटा एच म्हणजे लहान हॅश, टक्का एडी म्हणजे तारीख, टक्का ए आणि मोठा एन म्हणजे लेखकाचं नाव, टक्का एस म्हणजे मेसेजची पहिली ओळ, टक्का डी म्हणजे त्या कमिटवर असलेली ब्रँच आणि टॅग. रंगासाठी टक्का मोठा सी आणि कंसात रंगाचं नाव, कंसात ऑटो लिहिलंस तर त्यापुढच्या खुणांना गिट स्वतःच रंग निवडतं, मी तेच वापरतो, हातानं रंग निवडत बसलं की पांढऱ्या बॅकग्राउंडवाल्याला पिवळं दिसत नाही.

तारखेसाठी वेगळा ऑप्शन, --डेट=शॉर्ट दिलंस की वर्ष-महिना-दिवस येतं, आणि आपल्यासारखं दिवस-महिना-वर्ष पाहिजे तर --डेट=फॉरमॅट: देऊन टक्का डी, टक्का एम, टक्का मोठा वाय. "३ महिन्यांपूर्वी" टाइपचं टक्का एआर पण आहे, पण क्लायंटला तारीख सांगायची असेल तर ते काय कामाचं.

हे सगळं दर वेळी कोण टाइप करणार, म्हणून एलियस (लांब कमांडला छोटं नाव) कर. गिट कॉन्फिग --ग्लोबल --एडिट मारलं की फाइल उघडते, त्यात एलियस भागात हिस्ट म्हणून नाव देऊन पुढं पूर्ण लॉग कमांड लिहून टाक, मग नुसतं गिट हिस्ट. एलियसचं नाव लॉग ठेवू नको, मूळ कमांडचं नाव असलेला एलियस गिट सरळ दुर्लक्षून टाकतं, एरर पण देत नाही. माझा यातच अख्खा दिवस गेलेला, सेटिंग बरोबर आणि फरक शून्य.

विंडोजच्या साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये असशील तर फॉरमॅटभोवती एकेरी अवतरण चालत नाही, दुहेरीच पाहिजे. फाइलमध्येच लिहिलंस तर हा घोळच येत नाही.

पंचगंगा_घाट

मराठी मेसेजचं मी सांगते, कारण मी हेच दोन महिने सोसलंय आणि तोवर आमच्याकडं सगळ्यांनी "मराठीत लिहूच नका" असं ठरवूनही टाकलं होतं, ते काही पटलं नाही मला.

तुमचे मेसेज खराब झालेले नाहीयेत. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, क म्हणजे ई०, ए४, ९५. गिट लॉगचा मजकूर थेट स्क्रीनवर टाकत नाही, लेस नावाच्या पेजरमधून (लांब मजकूर पानापानानं दाखवणारा प्रोग्रॅम) देतं, आणि त्या लेसला जर कळलं नाही की समोरचं यूटीएफ-८ आहे तर तो हे बाइट कोनी कंसात जसेच्या तसे दाखवतो. म्हणून विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये लेसकॅरसेट (मोठ्या लिपीत, सलग) हे नाव देऊन किंमत यूटीएफ-८ टाका, टर्मिनल बंद करून परत उघडा. बहुतेक इथंच काम होईल. फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर मात्र चौकोन दिसतात, तो प्रश्न वेगळा, तिथं टर्मिनलचा फॉन्ट बदलायचा.

फाइलचं नाव मराठीत असेल, समजा गुळपावती, तर --स्टॅटमध्ये (बदललेल्या फाइलींची यादी) नावाच्या जागी ३४०, २४४ असे तिरक्या रेघांचे आकडे येतात. तेच बाइट आहेत, फक्त अष्टमान पद्धतीत लिहिलेले. त्याला कोअर डॉट कोटपाथ फॉल्स करा, नाव सरळ दिसतं.

आणि एक गोष्ट, शिरोली नाका यांनी सांगितलेल्या साच्यात कॉलम सरळ रेषेत आणायची सोय आहे, टक्का, मग लेस-दॅनची खूण, मग कंसात रुंदी. ती इंग्रजी नावांवर छान चालते. देवनागरीवर जोडाक्षरं आणि मात्रा आल्या की गिट रुंदी एक मोजतं आणि टर्मिनल भलतीच काढतं, मग पुढचे सगळे कॉलम हलतात. मी खूप प्रयत्न केले, शेवटी क्रमच बदलला. हॅश, तारीख, नाव हे इंग्रजीतलं आणि ठरावीक रुंदीचं आधी, मराठी मेसेज सगळ्यात शेवटी. त्याच्यापुढं काही नाहीच म्हटल्यावर हलायचं काय.

उद्यमनगर_कोडर

ताई, लेसकॅरसेटनं एका मिनिटात झालं!! दोन वर्षं मी ते कंस बघत होतो आणि मराठी मेसेज सोडून पुढं जात होतो, आता बघतोय तर त्यात कितीतरी उपयोगाचं लिहिलंय, "जीएसटी बिलात हमाली वेगळी दाखवली", "तोलाईचा दर दुकानाप्रमाणे", असलं. खरंच मनापासून आभार.

एलियस पण झाला. पण तारखांचा क्रम अजून कळंना. ग्राफ (ब्रँचच्या रेघा काढून दाखवणारा ऑप्शन) लावलं की जास्तच उड्या मारतंय.

जुना_वाशीनाका

त्यात दोन वेगळी कारणं आहेत, नीट समजून घे कारण तुझ्या अडत्याचं उत्तर इथंच आहे.

प्रत्येक कमिटमध्ये तारखा दोन असतात. ऑथर डेट म्हणजे काम मुळात केलं ती, कमिट डेट म्हणजे हे कमिट आत्ताच्या रूपात तयार झालं ती. साधं कमिट केलं तर दोन्ही एकच. रिबेस (आपली कमिटं नव्या कमिटच्या वर परत रचणं) किंवा चेरी-पिक (एखादं कमिट उचलून दुसऱ्या ब्रँचवर आणणं) केलं की पहिली तशीच राहते, दुसरी नवीन पडते. आमच्याकडं २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा हायवे बंद, नेट नाही, मी घरी लाइट असेल तेवढा वेळ लॅपटॉपवर लोकल कमिट करत होतो, ऑगस्टमध्ये ऑफिसला गेल्यावर रिबेस मारून ढकलली. आता त्या कमिटवर ऑथर डेट जुलैची आहे आणि कमिट डेट ऑगस्टची. साधा गिट लॉग क्रम लावतो कमिट डेटनं आणि छापतो ऑथर डेट, म्हणून तुला वाटतं की गोंधळ आहे. --सिन्स पण कमिट डेटच बघतं, म्हणजे एक ऑगस्टपासूनची मागितली तरी जुलै लिहिलेली येणार. एकदा --प्रेटी=फुलर लावून बघ, दोन्ही तारखा शेजारी दिसतात. साच्यात कमिट डेट पाहिजे तर टक्का एडीच्या जागी टक्का सीडी.

दुसरं, ग्राफ लावलं की गिट तारखेनं क्रम लावतच नाही, एका ब्रँचची कमिटं एकत्र ठेवतं म्हणजे रेघा एकमेकांत गुंतत नाहीत. त्यामुळं ग्राफ बघताना तारखेचा क्रम शोधायचाच नाही.

सर्व्हरवरून रात्री कमिट करत असाल तर अजून एक. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) असेल तर आपल्या रात्री २ वाजता केलेलं कमिट तिथं आदल्या दिवशीच्या रात्री ८:३० चं पडतं, तारीख एक दिवस मागं दिसते. --डेट=शॉर्ट-लोकल दे, बघणाऱ्याच्या मशिनच्या वेळेनं दाखवतं.

तीन नावांचं सोपं आहे. रेपोच्या (प्रोजेक्टच्या गिट फोल्डरच्या) मुळात डॉट मेलमॅप नावाची फाइल कर, एका ओळीत खरं नाव, खरा ईमेल, आणि मग कमिटमध्ये पडलेला जुना ईमेल. फाइल कमिट केली की पाचही जणांना एकच नाव दिसतं, जुनी कमिटं तशीच राहतात. गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, साधा लॉग हे आपोआप पाळतो. पण स्वतःचा साचा असेल तर नावाच्या खुणेत एन मोठाच पाहिजे, छोटा एन मेलमॅप बघत नाही. वर शिरोलीवाल्यानं मोठा सांगितलाय ते त्यासाठीच.

आता माझं मत. एकच छान साचा करून त्यातून सगळं शोधायला जाऊ नका. मी दहा-बारा वर्षं गिट वापरतोय आणि माझे तीन एलियस आहेत, कारण प्रश्न तीन असतात. रोजचं काय चाललंय यासाठी ग्राफ. क्लायंटकडं काय कधी गेलं यासाठी मेन ब्रँचवर --फर्स्ट-पेरेंट, त्यात फक्त मेन ब्रँचची सरळ रेघ दिसते, फीचर ब्रँचच्या आतली कमिटं गळून जातात. हे चालायला मर्ज कमिट असायला पाहिजे, सगळं फास्ट-फॉरवर्ड (मर्ज कमिट न करता ब्रँच नुसती पुढं सरकवणं) करत असाल तर गळायला काही उरत नाही. लोक मर्जना कंटाळून --नो-मर्जेस लावतात, आणि "कधी गेलं" हे सांगणारी नेमकी तीच ओळ लपवून बसतात.

तिसरा, ही ओळ कोडमध्ये कधी आली. त्याला डॅश मोठा एस आणि पुढं शब्द, ज्या कमिटमध्ये तो शब्द किती वेळा आहे हा आकडा बदलला तेवढीच दाखवतं. किंवा डॅश मोठा एल देऊन ओळ नंबर कुठून कुठवर आणि फाइलचं नाव, मग तेवढ्याच ओळींचा इतिहास डिफसकट (नेमकं काय बदललं त्यासकट). तू दीड तास मेसेज वाचत बसलास, पण राउंडिंग बदलणाऱ्यानं मेसेजमध्ये तसं लिहिलंच असेल असं थोडंच आहे.

शिरोली_नाका

वा, शॉर्ट-लोकल मला माहीत नव्हतं. आमचा पण सर्व्हर यूटीसीवरच आहे, आजच लावतो.

पाचही जणांकडं तसंच दिसण्याचं राहिलं म्हणून लिहितो. क्लोन केल्यावर (रेपोची प्रत घेतल्यावर) कॉन्फिग सोबत येत नाही, आणि ते मुद्दामच आहे कारण एलियस आणि पेजरमधून कुठलीही कमांड चालवता येते, दुसऱ्याच्या रेपोतून असलं काही आपोआप आलं तर धोका. आम्ही काय करतो, रेपोत टीम-गिटकॉन्फिग नावाची फाइल ठेवलीय, त्यात एलियस, लॉग डॉट डेट, कोटपाथ सगळं. मग प्रत्येकानं रेपोत जाऊन एकदाच गिट कॉन्फिग इन्क्लूड डॉट पाथ आणि पुढं दोन टिंबं, स्लॅश, फाइलचं नाव. दोन टिंबं यासाठी की हा पाथ डॉट गिट फोल्डरमधल्या कॉन्फिगपासून मोजला जातो, ती विसरली तर फाइल सापडत नाही आणि गिट गप्प बसतं. पुढं फाइल बदलली की पुल केल्यावर (नवे बदल ओढून घेतल्यावर) सगळ्यांकडं बदलते, म्हणून त्या फाइलमधले बदल नीट बघूनच घ्या.

पंचगंगा_घाट

लेसकॅरसेट मात्र त्या फाइलमध्ये जाणार नाही हं, ते विंडोजचं आहे, प्रत्येक मशिनवर वेगळं करावं लागेल. आमच्याकडं नवीन मुलगा आला की पहिल्याच दिवशी करून देते.

उद्यमनगर_कोडर

सापडलं! जुना वाशीनाका सरांनी सांगितलं तसं डॅश मोठा एस देऊन फ्लोअर (खालच्या पूर्णांकाला नेणारं फंक्शन) शब्द शोधला, तीन कमिटं आली, त्यातलं मधलं तेच. मेसेज होता "छोटे बदल", आणि ते मीच त्या दिवशी दोनदा ओलांडून पुढं गेलो असणार. ऑथर डेट २८ मार्च. मी लगेच अडत्याला मार्च सांगणार होतो, मग फर्स्ट-पेरेंटनं बघितलं तर ती ब्रँच मेनमध्ये १२ जूनला आली, आणि त्यांच्या दुकानात अपडेट टाकलं १४ जूनला. मार्च सांगितला असता तर अडीच महिन्यांची बिलं उगाच तपासत बसलो असतो आम्हीही आणि तेही.

ज्यानं केलं त्याला विचारलं, एका फाउंड्रीवाल्याला वजन खालच्या किलोला पाहिजे होतं, त्यासाठी बदललं आणि तेच फंक्शन बिलाला पण वापरलेलं. आता दोन वेगळी फंक्शन केलीत. १४ जूनपासूनच्या बिलांची फरकाची यादी काढून उद्या शाहूपुरीत स्वतः घेऊन जातोय. टीम-गिटकॉन्फिग आज दुपारी पाचही मशिनवर बसवली, मेलमॅपमध्ये एकूण अकरा ईमेल निघाले.