मदत हवी आहे: गजकर्णाची ट्यूब चिठ्ठीशिवाय कुठली घ्यावी?

मंडळी, अवघड जागचं दुखणं आहे. जावई डॉक्टर नाही एवढंच नशीब. नवा आयडी काढून विचारतोय, समजून घ्या.

रोज कल्याण ते दादर लोकल. जुलैपासून भिजलेली जीन्स अंगावरच वाळते. आधी जांघेत खाज, मग गोल चट्टा, कडा लाल आणि मध्ये साफ. मेडिकलमध्ये "खाज येते" एवढंच म्हटलं, त्याने काही न विचारता ट्यूब पुढे केली. तिसऱ्या दिवशी खाज गायब! लावणं थांबवलं की चार दिवसांत दुप्पट. असं तीनदा झालं. आता पट्टा बसतो तिथेही आलंय आणि परवा मुलाच्या मानेवर रुपयाएवढा चट्टा दिसला.

चिठ्ठीशिवाय कुठली ट्यूब मागू? की हीच जास्त दिवस लावू?

गवतीचहा: ट्यूबवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते आधी इथे टाका.

धागाकर्ता: क्लोबेटासोल, मायकोनाझोल, निओमायसिन. भिंग लागलं वाचायला.

गल्ल्यामागचा: मी फार्मसिस्ट आहे, म्हणजे आमच्याच बिरादरीची चूक सांगतोय. गजकर्ण म्हणजे कातडीवरची बुरशी, आणि यातलं मायकोनाझोल बुरशी मारतं. निओमायसिन जंतूंवरचं अँटिबायोटिक, गजकर्णात त्याचं काही काम नाही. गोम आहे ती क्लोबेटासोलमध्ये. ते अतिशय जोरकस स्टिरॉइड. खाज आणि लाली दाबतं, त्यामुळे बरं वाटतं, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबली जाते आणि बुरशी खाली निवांत पसरते. जांघेतली कातडी मुळातच पातळ, तिथे फार दिवस लावलं तर कायमचे वळ उठतात. स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, 2018 मध्ये सरकारने त्यासाठी खास अधिसूचनाही काढली. गिऱ्हाईक "ती जोरात लागू पडणारी द्या" म्हणतं आणि आम्ही देतो.

साधी हवी तर क्लोट्रिमाझोल 1 टक्का, पण "नुसतं क्लोट्रिमाझोल" असं म्हणा आणि नाव स्वतः वाचा. क्लोट्रिमाझोल आणि क्लोबेटासोल, घाईत कानाला सारखंच लागतं! दिवसातून दोनदा, चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर दोन बोटांपर्यंत लावायचं, आणि चट्टा गेल्यावरही किमान आठवडाभर चालू ठेवायचं. नवीन, छोट्या चट्ट्याला हे पुरतं. तुमचं प्रकरण आता तेवढं राहिलेलं नाही.

सह्याद्रीवारा: माझ्या भावाने टर्बिनाफिनच्या, म्हणजे बुरशीवरच्या गोळ्या घेतल्या होत्या, दोन आठवड्यांत साफ. मेडिकलवाला ओळखीचा असेल तर देईल.

गल्ल्यामागचा: कृपा करून नको. आपल्याकडे सध्या पसरलेल्या बुरशीच्या काही जाती टर्बिनाफिनला दाद देत नाहीत. शिवाय या गोळ्या यकृतावर ताण देऊ शकतात. कुठली, किती दिवस, हे स्किनच्या डॉक्टरनेच ठरवावं. कधीकधी ते चट्ट्याचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, दुखत नाही.

मधुमालती: शुगर तपासली का? आमच्या सासूबाईंना वर्षभर नायटा होता, कारण तिकडे निघालं. आणि सगळ्या घराने एकाच वेळी उपचार घ्या, नाहीतर एकाचं गेलं की दुसऱ्याकडून परत येतं. टॉवेल वेगळे, आतले कपडे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात. पावसाळ्यात ऊन कुठलं म्हणा, मी इस्त्री फिरवायचे. ओली जीन्स मात्र सोडाच, ऑफिसात सुती पँट ठेवा.

धागाकर्ता: शुगर कधीच तपासलेली नाही. आणि एक कबूल करायचं राहिलं: बायकोने मुलाच्या मानेला हीच ट्यूब दोनदा लावली होती. आज थांबवली. शनिवारी संध्याकाळचा नंबर मिळालाय, तिघंही जातोय. ट्यूब डॉक्टरांना दाखवायला सोबत नेऊ ना?

गल्ल्यामागचा: नक्की न्या. किती दिवस लावली तेही लिहून न्या. ट्यूब बंद केल्यावर आधी खाज वाढेल, पण पुन्हा ती लावू नका. मुलाला तोवर काहीच लावू नका. त्याच्या डोक्यात चट्टा किंवा केस गळलेली जागा दिसते का ते बघून ठेवा, डोक्यातल्या गजकर्णाला नुसती मलमं पुरत नाहीत.