टाकीत उतरणाऱ्या माणसाला नेमकं काय शिकवायचं?

प्रश्न (सातारकर_ताई):
मी ग्रामपंचायत सदस्य, पहिल्यांदाच निवडून आलेय, आणि पाणीपुरवठ्याचं काम माझ्याकडे आलंय. आमचे वॉटरमन आप्पा चौदा वर्षं इमानेइतबारे पाणी सोडतायत. परवा टाकी धुणार होते म्हणून मुद्दाम जाऊन बसले. सकाळी आप्पांनी गटाराकडेचा तुंबलेला व्हॉल्व्ह मोकळा केला आणि त्याच चपला, तेच फावडं घेऊन शिडीवरून थेट टाकीत! बोलले तर म्हणाले, "ताई, नंतर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतोच की." मला उत्तर सुचेना. तालुक्याला त्यांचं एकदा प्रशिक्षण झालंय, म्हणजे सही करून, जेवून आलेत. वयाने मोठे आहेत, दुखवायचं नाहीये. काय आणि कसं सांगू?

निवृत्त_आरोग्यसहाय्यक:
ताई, आप्पांचं अर्धं खरं आहे. पण टीसीएलची पिशवी कधी फोडली ते विचारा. ताज्या पावडरीत क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतो. दमट खोलीत तोंड उघडं राहिलं की हळूहळू नुसता चुना उरतो. एका गावात पंपघरातल्या पिशवीवर मांजर झोपलेलं पाहिलंय मी. वासच उरला नव्हता, झोपेल नाहीतर काय!

पावडर टाकीत उपडी करायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी ओतायची. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे 50,000 लिटरच्या टाकीला पाव किलो. निदान अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचं. ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं ती तपासणी, करायची ती गावातल्या शेवटच्या नळावर. टाकीखालच्या नळावर पिवळा रंग येणारच, त्यात काय मोठंसं. शेवटच्या घरीसुद्धा लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे.

एवढं प्रशिक्षणात सांगतात. आता न सांगितलेलं. आप्पांना जुलाब लागले तर त्या दिवशी टाकीत कोण उतरणार? नोकरीत असताना मी एका वॉटरमनला विचारलं होतं, पोट बिघडलं तर घरी थांबतोस का? म्हणाला, "साहेब, खाडा पडला की पैसे कापतात." त्याच्या जागी मी असतो तर मीही पोट धरून टाकीत उतरलो असतो. म्हणून आधी ठराव घ्या: जुलाब, कावीळ, टायफॉईड असेल तर भरपगारी सुट्टी आणि बदली माणूस ठरलेला. शिकवणं त्यानंतर.

कराडचा_परदेशात:
काकांशी शंभर टक्के सहमत. मी इंग्लंडात पाइपलाइनच्या कामावर आहे. इथे पाण्याच्या स्वच्छतेचं प्रशिक्षण घेतल्याचं निळं कार्ड नसेल तर पिण्याच्या पाण्याच्या कामाला हात लावू देत नाहीत, आणि तीन वर्षांनी ते पुन्हा काढावं लागतं. आजारपणाचे प्रश्न विचारतात. आमची सांडपाण्याची हत्यारं वेगळ्या गाडीत असतात.

आमच्या प्रशिक्षणात लंडनजवळच्या क्रॉयडनची गोष्ट सांगितली होती. 1937 साली तिथल्या विहिरीत दुरुस्ती चालू होती आणि नेमकं त्या काळात क्लोरिनेशन बंद. आत उतरणाऱ्यांपैकी एकाला पूर्वी कधीतरी टायफॉईड होऊन गेलेला. माणूस ठणठणीत, पण जंतू अंगात तसेच. ते पाण्यात गेले, टायफॉईडची साथ आली आणि 43 लोक दगावले. आप्पांना हीच गोष्ट सांगा. "तुमचे हात घाण आहेत" असं म्हणायची वेळच येणार नाही.

प्रयोगशाळेतली:
जाता जाता एक. जंतूंच्या तपासणीची बाटली भरण्याआधी विसळू नका. आत क्लोरीन मारणारं औषध असतं, ते धुतलं जातं आणि अहवाल उगाच चांगला येतो. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट नको. बर्फात ठेवून 24 तासांच्या आत पोचवा. नमुना सकाळी घेऊन दुपारभर मोटारसायकलच्या डिकीत उकडलेल्या बाटल्या आमच्याकडे रोज येतात.

सातारकर_ताई:
सगळ्यांचे आभार. क्रॉयडनची गोष्ट आप्पांनी मन लावून ऐकली. मग खाली बघत म्हणाले, "मागच्या पावसाळ्यात मला आठ दिवस हगवण होती. कुणाला बोललो नाही." मी काहीच बोलू शकले नाही.

भरपगारी सुट्टीचा विषय मासिक सभेच्या अजेंड्यावर घातलाय. "असं कुठल्या नियमात आहे?" हा प्रश्न आत्ताच आलाय. टाकीसाठी वेगळं फावडं घेतलं, दांड्याला निळा रंग दिला. गमबूटही आणले, पण आप्पांना नऊ नंबर लागतो आणि मी आठ आणले. बदलायला निघालेय.