पोराचं कोपर दुखतंय, पिचिंग चालू ठेवू का?

गंगापूररोडकर: मुलगा १३ वर्षांचा, शाळेच्या बेसबॉल टीममध्ये पिचर, म्हणजे बॅटरकडे बॉल फेकणारा. रोज प्रॅक्टिस, रविवारी मॅच, वर संध्याकाळी गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेटची बॉलिंग पण. आता कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हणतो, शर्ट घालताना तोंड वाकडं करतो. सर म्हणतात बर्फ लावा, होईल बरं. काय करू?

पंचवटीचा_पक्या: बर्फाने दुखणं दबतं हो, कारण तसंच राहतं. आधी थ्रो पूर्ण बंद, हाडांच्या डॉक्टरला दाखवा. या वयात कोपरातली वाढीची प्लेट, म्हणजे जिथून हाड वाढतं तो भाग, कूर्चेची असते, पक्कं हाड झालेलं नसतं आणि प्रत्येक थ्रोला ताण नेमका तिथेच येतो. पेनकिलर देऊन खेळवू तर अजिबात नका.

सिडको_कॅचर: अमेरिकेत पिच स्मार्ट म्हणून गाईडलाईन आहे, १३-१४ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच (बॅटरकडे टाकलेले बॉल), आणि ६६ किंवा जास्त टाकले तर पुढचे ४ दिवस पिचिंग नाही. आपल्याकडे मोजतंय कोण, तुम्हीच बाकावर बसून वहीत रेघा मारा. आणि त्याच मॅचमध्ये पिचिंगनंतर कॅचर (बॅटरमागे बॉल पकडणारा) करू देऊ नका, तिथेही बॉल परत फेकताना हात चालूच राहतो.

गंगापूररोडकर: अरे देवा, कॅचरला पण उभा करतात त्याला! सरांना कसं सांगू, रागावतील.

पंचवटीचा_पक्या: डॉक्टरची चिठ्ठी पुढे करा ना, तुम्ही वाईट होत नाही. क्रिकेटची बॉलिंग पण बंद हं, हात तोच आहे.