जुन्या कॅथोडवरचे कार्बोनेट: सेलमधले की वाटेतल्या हवेतले?

विश्रामबागचा विद्यार्थी: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विजेच्या स्कूटरच्या ३ वर्षे वापरलेल्या पॅकमधील एक एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट कॅथोडचा लिथियम-आयन) सेल पूर्ण डिस्चार्ज करून, सरांच्या देखरेखीखाली फ्यूम हूडमध्ये उघडला. कॅथोडच्या (धन इलेक्ट्रोडच्या) पट्टीचे तुकडे साध्या झिप-पिशवीत घालून सांगलीहून एसटीने कोल्हापूरला नेले आणि तेथे एक्सपीएस (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरील मूलद्रव्ये व त्यांचे बंध ओळखणारी तपासणी) करून घेतले. कार्बनच्या स्पेक्ट्रममध्ये २९० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या किंचित वर ठळक शिखर दिसते. वापरामुळे पृष्ठभागावर लिथियम कार्बोनेट साचले, असे प्रबंधात लिहिता येईल का?

मिरजकर: एवढ्या पुराव्यावर लिहू नये, असे माझे मत आहे. एक्सपीएसला वरचे जेमतेम ५ ते १० नॅनोमीटर दिसतात, आणि निकेल भरपूर असलेल्या कॅथोडचा नेमका तोच थर हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट तयार करतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेत झिप-पिशवी म्हणजे बंदोबस्त नव्हे. शिवाय पीव्हीडीएफ बाइंडरमधील (कॅथोडची भुकटी चिकटवून धरणाऱ्या फ्लोरिनयुक्त पॉलिमरमधील) सीएफ२ गटाचे शिखरही २९१ जवळच येते. ते बाइंडरचे असेल, तर २८६ च्या थोडे वर सीएच२ चे जवळपास तेवढ्याच क्षेत्रफळाचे शिखर आणि फ्लोरिनमध्ये ६८८ जवळ शिखर मिळायलाच हवे. कार्बोनेटचे असेल, तर ऑक्सिजनमध्ये ५३२ च्या आसपास त्याच्या तिप्पट अणू दिसले पाहिजेत.

प्रयोगशाळेतला एक: वरील उत्तराशी सहमत आहे. त्याच बनावटीच्या न वापरलेल्या सेलचा कॅथोड त्याच पद्धतीने उघडून, त्याच पिशवीतून, तेवढाच वेळ हवेत ठेवून न्यावा. त्या दोहोंतील फरकालाच काही अर्थ आहे. डीएमसीने (डायमिथिल कार्बोनेट या द्रावकाने) धुतले होते का, हेही लिहावे, कारण न धुतल्यास इलेक्ट्रोलाइटचे मीठ वर सुकून बसते आणि फार धुतल्यास पृष्ठभागावरचे काही पदार्थ निघून जातात. खालचा थर पाहण्यासाठी आर्गॉनचा मारा करण्याचा मोह मात्र आवरावा. त्याने निकेलचे क्षपण (रिडक्शन) होते आणि तो दोष उगाच वापराच्या माथी बसतो.

विश्रामबागचा विद्यार्थी: सर, आताच फाइल पुन्हा उघडून पाहिली. फ्लोरिनचे ६८८ चे शिखर मोठे असून ६८५ जवळ छोटा उंचवटा आहे, तो लिथियम फ्लोराइडचा असावा. ऑक्सिजनमध्ये ५३२ जवळ मात्र फारसे काही नाही. तुकडे धुतले नव्हते. त्याच बनावटीचा न वापरलेला सुटा सेल दुरुस्तीवाल्याकडे आहे, तो मागवतो.