रेडिएटर बसेल हो, पण जाडी मोजलीत का?
कॉम्प्युटरच्या छोट्या केसमध्ये (कॅबिनेटमध्ये) वॉटर कूलिंगचा, म्हणजे पाण्याने आतले भाग गार ठेवणारा, २४० मिमीचा रेडिएटर मावेल का, असं एकाने विचारलंय. लांबीचं सोडा, जाडी बघा. २७ मिमीचा रेडिएटर अन् २५ मिमीचा पंखा, झाले ५२. माझ्याकडे तिथेच रॅमची पट्टी आडवी आली. शेवटी १५ मिमीचे पातळ पंखे घेतले.

आणि पाणी फिरवणारा पंप सगळ्यात उंच ठेवू नका, आतली हवा तिथेच जाऊन बसते. मी आधी रेडिएटर तळाला लावला होता, म्हणजे पंपच सगळ्यात वर आला. चालू केलं की हुक्का ओढल्यासारखी गुडगुड! रेडिएटर वर नेला, आवाज बंद.

बाकी पाणी काही खोलीपेक्षा गार होत नाही. मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असेल तर ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट (ते जास्तीत जास्त किती वीज ओढेल ती मर्यादा) थोडी उतरवा, गेममध्ये फारसा फरक जाणवत नाही.