मदत हवी आहे : परदेशात जुनं, छोटं घर घ्यावं का?

नमस्कार. आम्ही दोघं परदेशी स्थायिक व्हायला निघालोय आणि तिथल्या एका जुन्या, दगडी, दोन खोल्यांच्या घरात जीव अडकलाय. जाड भिंती, लाकडी तुळया, खोल कोनाड्यातल्या खिडक्या. नव्या फ्लॅटमध्ये हे मिळत नाही.

काळजी आहे ती ओलीची. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या; चुना ओल शोषतो तशी बाहेरही सोडतो. या घराला मात्र मधे कुणीतरी आतून सिमेंटचा गिलावा केलाय, आणि सिमेंट ओल कोंडून ठेवतं. जमिनीलगत पोपडे सुटलेत, तुळई भिंतीत शिरते तिथे लाकूड मऊ लागलं. सिमेंट काढून पुन्हा चुन्याचा गिलावा कोणी करून घेतलाय का? भिंत वाळायला किती काळ लागला? तोवर आत राहता आलं?

घर वारसा यादीत (जतन करायच्या जुन्या वास्तूंच्या यादीत) आहे, म्हणजे खिडकी बदलायलाही परवानगी घ्यावी लागणार. विमा किंवा कर्ज मिळताना अडचण आली का?

विकणाऱ्याचा एजंट तपासणीसाठी स्वतःचाच माणूस सुचवतोय. मला ते पटत नाही. तज्ज्ञ आणि वकील आपले, स्वतंत्र हवेत. पण तिथली भाषा येत नसताना तुम्ही माणूस पारखलात कसा?

घर घेतलं म्हणजे राहण्याचा परवाना मिळतोच असं नाही, हे माहीत आहे. आधी भाड्याने राहून एक हिवाळा काढावा, असं नवऱ्याचं मत. तोवर हे घर हातचं जाईल, ही माझी धास्ती. बयाणा द्यायच्या आधी अनुभवी मंडळींनी कृपया लिहा.