अनुभव धागा: बेतीच्या धक्क्यावरची काळी छत्री

जुलै 1986 मध्ये गोव्यात पणजीजवळ मांडवी नदीवरचा पूल कोसळला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. बेतीच्या धक्क्यावर पप्पांचं बोट धरून उभा होतो, समोर तुटका पूल, पप्पांच्या हातात काळी छत्री. हे मी आयुष्यभर सांगत आलो. गेल्या चतुर्थीला ताईने सगळ्यांसमोर पंक्चर केलं. "खंय बेती नि खंय तू! तुला गोवर आलेला, महिनाभर उंबरा ओलांडला नव्हतास."

त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेचं चॅलेंजर यान फुटलं होतं. बातमी कुठे, कशी कळली, हे उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं आणि अडीचेक वर्षांनी पुन्हा विचारलं. अनेकांची उत्तरं पार बदलली होती. खात्री मात्र ठाम! तेव्हा मी एकटा नाही. तुमच्या घरचं लिहा.

फोंड्याची नात: आजी जेवली की नाही ते विसरते, मला आईच्या नावाने हाक मारते. पण पोर्तुगीज काळातली सेगुंद ग्राव ही शालेय पायरी शिकलेली. काजूबिया पुढे ठेवल्या की पोर्तुगीजमध्ये उं, दोइश, त्रेश (एक, दोन, तीन) करत बिनचूक मोजते. डॉक्टरांनी समजावलं, नवी आठवण बांधणारा हिप्पोकॅम्पस आधी झिजतो. लहानपणचं मेंदूच्या बाहेरच्या थरात मुरलेलं असतं, ते उशिरा जातं. मोजून झालं की विचारते, "कोणाच्या गो ह्या बिया?" मी सांगते, तुझ्याच. खूश होते. दहा मिनिटांनी पुन्हा.

घुमटवाला: आमच्या काकांचे आरतीचे शब्द गेले, घुमट या मातीच्या वाद्यावरचा हात चुकत नाही. हेन्री मोलेसन या अपस्माराच्या अमेरिकन रुग्णाचा बराचसा हिप्पोकॅम्पस 1953 च्या शस्त्रक्रियेत काढला गेला. पुढे आरशात बघून चांदणी गिरवायला त्यांचा हात दिवसेंदिवस सरावला, पण काल गिरवली होती हे त्यांना आठवत नसे. हाताचं खातं वेगळं. काकांना मात्र हे सांगू नका, ते म्हणतात देवाची कृपा.

साखळीकर: एप्रिलात काजूच्या भट्टीचा वास आला की आजोबांचा खाकी शर्ट दिसतो. चेहरा नाही. फक्त शर्ट.

धागा काढणारा: आत्ताच आईला फोन केला. ती म्हणते, गोवर मला नव्हे, ताईला आला होता. बेतीला कोण गेलं होतं, ते तिलाही आठवत नाही. पण छत्री काळी नव्हती म्हणते, आमच्याकडे तेव्हा एकच होती, तिची फुलाफुलांची.